मोहाच्या मुलखातली पुण्यतिथी

राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी पंचांगाप्रमाणे आश्विन वद्य पंचमीला येते. कोजागरी उलटलेली असते आणि दिवाळी तोंडावर आलेली असते. महाराजांचे निधन ११ ऑक्टोबर १९६८ रोजी अमरावती जिल्ह्यातील मोझरीच्या गुरुकुंज आश्रमात झाले. त्या तिथीला मोझरीत विदर्भभरातून माणसे लोटतात. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जंगलजिल्ह्यांत मात्र हा उत्सव एका दिवसाचा राहिलेला नाही. महाराजांच्या अनुयायांच्या गावोगावच्या श्री गुरुदेव सेवा मंडळांनी त्याच्या तारखा आपापल्या सोयीने लावून घेतल्या आहेत. आश्विनात सुरू झालेली पुण्यतिथी महोत्सवांची रांग पौष-माघापर्यंत संपत नाही. डिसेंबरात किंवा जानेवारीत एखाद्या गावच्या वेशीवर ‘पुण्यतिथी महोत्सव’ असा फलक दिसला, तर बाहेरचा माणूस गोंधळतो. गावातल्या कुणालाही त्यात वावगे वाटत नाही.

तिथी आणि धान

याचे कारण बांधीत उभे असते. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, आरमोरी, देसाईगंज, कुरखेडा हा सगळा झाडीपट्टीचा धानमुलूख. मालगुजारी तलावांच्या, म्हणजे इकडच्या बोलीत मामा तलावांच्या पाण्यावर आणि बऱ्याच अंशी थेट पावसावर पिकणारा. आश्विन वद्यात हलका धान कापायला आलेला असतो आणि भारी धान अजून ओंबीत भरत असतो. कापलेल्या धानाच्या कडपा बांधीतच पडलेल्या असतात आणि परतीच्या पावसाचा नेम नसतो. अशा दिवसांत तीन दिवसांचा कार्यक्रम लावला, तर पहाटेच्या ध्यानाला म्हातारी माणसे आणि शाळकरी पोरे एवढीच उरतील. त्यामुळे बरीच गावे नेमक्या तिथीला श्रद्धांजलीचा छोटा कार्यक्रम करतात आणि मोठा महोत्सव कापणी, बांधणी आणि चुरणे आटोपल्यावर ठेवतात. धानाचे पुंजणे उभे राहिले, काही पोती घरात आली, काही खरेदी केंद्रावर गेली, की हात मोकळे होतात आणि वर्गणीही निघते. वर्गणी आजही पुष्कळ घरांतून धानाच्या मापाने येते. रोख रक्कम नोकरदार आणि दुकानदार देतात.

शेजारची तीन-चार गावे एकाच दिवशी कार्यक्रम ठेवत नाहीत, हा दुसरा हिशेब. कीर्तनकार, भजनी मंडळे आणि तालुक्याचे सेवाधिकारी तेच ते असतात. पाहुणे म्हणून येणारे नातेवाईकही तेच. एका गावचा काला झाला की भजनी मंडळ खंजिऱ्या पिशवीत घालून पुढच्या गावाला निघते. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे दिवस येतात, वडशाच्या (देसाईगंजच्या) नाटक कंपन्यांचा हंगाम सुरू होतो, काही ठिकाणी शंकरपट भरतो. गावच्या रात्री मोजक्याच असतात आणि त्यांच्यावर हक्क सांगणारे पुष्कळ. पुण्यतिथीची तारीख ठरवण्याची बैठक म्हणूनच लांबते. तिच्यात भक्तीपेक्षा वेळापत्रकाची चर्चा अधिक होते, आणि ते योग्यच आहे.

महाराज आणि हा मुलूख

तुकडोजी महाराज या भागाला परके नव्हते. ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेला माणिक हा मुलगा वरखेडच्या अडकोजी महाराजांचा शिष्य झाला. तरुणपणी तो चिमूरकडच्या जंगलांत फिरला, राहिला. चिमूर तालुक्यातल्या रामदेगी आणि गोंदेडा या जागा महाराजांची तपोभूमी म्हणून ओळखल्या जातात. गोंदेड्याच्या गुंफेवर हिवाळ्यात यात्रा भरते.

नाते घट्ट झाले ते १९४२ साली. १६ ऑगस्टला नागपंचमी होती. त्या दिवशी चिमूरमध्ये मिरवणुकीवर गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा तरुण हुतात्मा झाला, लोक खवळले आणि सरकारी अधिकारीही मारले गेले. नंतर लष्कर आले आणि गावाने भयंकर दडपशाही सोसली. महाराजांच्या खंजिरी भजनांनी त्या आधी हा परिसर ढवळून काढला होता. त्याच महिन्यात चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, त्यांना अटक झाली आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत ठेवण्यात आले. चिमूर भागात पुण्यतिथीच्या भाषणात हा प्रसंग आला नाही असे सहसा होत नाही. वक्ता कोणत्याही पक्षाचा असो, बेचाळीसवर आला की त्याचा आवाज चढतो.

स्वातंत्र्यानंतर महाराजांचा भर गावाच्या रोजच्या जगण्यावर राहिला. १९५५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रामगीतेचे ४१ अध्याय आहेत. त्यांत गावाची सफाई, शिक्षण, श्रमदान, लग्नातला खर्च, व्यसने असे विषय ओवीत मांडले आहेत. मोक्षाइतकीच उकिरड्याची काळजी करणारा हा ग्रंथ आहे. त्याचा पाठपुरावा या भागात ज्यांनी सर्वांत हट्टाने केला, ते गीताचार्य तुकारामदादा. ब्रह्मपुरी तालुक्यातल्या अड्याळ टेकडीवर त्यांनी ‘भू-वैकुंठ आत्मानुसंधान’ हे केंद्र उभे केले आणि ग्रामगीतेतले गाव प्रत्यक्षात कसे चालेल, याचे धडे तिथे दिले. दोन्ही जिल्ह्यांतले बरेचसे जुने प्रचारक तिथल्याच तालमीतले.

पहाट ते काला

महोत्सव एक दिवसाचा असो की सात दिवसांचा, त्याचा साचा ठरलेला असतो. पहाटे साडेपाचच्या सुमारास सामुदायिक ध्यान. थंडीत ही वेळ काळोखाची असते. लाउडस्पीकरवर भूपाळी लागते, माणसे घोंगडी-शाली पांघरून सतरंजीवर येऊन बसतात. ध्यानानंतर ग्रामसफाई. खराटे हातात घेऊन लोक गल्ल्या झाडतात. सरपंच आणि मास्तरही त्यात असतात, निदान फोटोपुरते तरी. सफाई झाल्यावर दारादारांत सडा पडतो, रांगोळ्या निघतात आणि रामधून निघते. भगवी टोपी घातलेली मंडळी भजन म्हणत सगळ्या वस्त्यांतून फिरतात. रामधून कोणत्या टोल्यातून जाणार हे आधी जाहीर होते आणि त्या फेरीत एकही वस्ती सुटू नये यावर जुन्या कार्यकर्त्यांचा कटाक्ष असतो. वस्ती सुटली की वर्षभर ऐकून घ्यावे लागते.

दिवसा ग्रामगीतेचे वाचन, महिलांचा मेळावा, कधी आरोग्य तपासणी, कधी रक्तदान. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थना, आणि उत्सवाचा खरा कणा ती आहे. मांडवात एका टोकाला अधिष्ठान मांडतात: उंचवट्यावर स्वच्छ गादी, मागे लोड, फुले, उदबत्ती. मूळ कल्पनेत त्या आसनावर कुणाचीही मूर्ती नाही. आता बहुतेक गावांत मागे महाराजांची तसबीर असते. समोर माणसे सरळ रांगांत बसतात, पुरुष एका बाजूला आणि बाया दुसऱ्या. रांग वाकडी झाली तर एखादा स्वयंसेवक हळूच येऊन गुडघ्याला हात लावतो. पाटील, पोलीसपाटील, शेतमजूर आणि गुराखी यांच्यासाठी वेगळ्या सतरंज्या नसतात. प्रार्थनेत आरतीची धावपळ नाही, देवापुढे जाण्यासाठी रेटारेटी नाही. ठरावीक पदे एका सुरात म्हणायची, मधे शांत बसायचे, शेवटी जयघोष करायचा. ज्या गावात ती रोज होते तिथल्या मुलांना ती पाढ्यांसारखी पाठ असते.

रात्र भजनाची. महाराजांचे वाद्य खंजिरी. लाकडी कड्यावर एका बाजूने ताणलेले कातडे आणि कड्याच्या खाचांत बसवलेल्या पितळी चकत्या, एवढेच ते वाद्य. डाव्या हाताने ती उभी धरतात, उजव्या हाताची बोटे आणि तळवा कातड्यावर चालतात, आणि डाव्या मनगटाच्या झटक्याने चकत्या वाजतात. त्यामुळे एकाच माणसाच्या हातातून ताल आणि झंकार दोन्ही निघतात. दवाच्या रात्री कातडे ओल धरते आणि आवाज बसतो. म्हणून मांडवाबाहेर शेकोटी पेटलेली असते आणि भजनी दोन पदांच्या मधे खंजिरी निखाऱ्यांवर धरून, बोटाने टिचकी मारून पाहतो. जास्त शेकली तर कातडे तडकते, कमी शेकली तर बद्द वाजते. हल्ली प्लास्टिकच्या पडद्याच्या खंजिऱ्या मिळतात. त्यांना शेक लागत नाही. जुन्या वादकांच्या मते त्यांना आवाजही लागत नाही.

शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन, गोपाळकाला आणि महाप्रसाद. दही, लाह्या, पोह्यांचा काला आधी हातावर पडतो. मग पंगत: भात, वरण, वांगी-आलूची रस्सेदार भाजी आणि जमले तर बुंदी. वांगी चिरायला आदल्या रात्रीच बायांचा घोळका बसतो. भाताच्या गंजांखाली मोठाली लाकडे लागतात आणि ती आणण्याचे काम पोरांकडे असते. वाढणे पूर्वी पळसाच्या पत्रावळीवर होते. आता यंत्रावर दाबलेल्या पानाच्या किंवा कागदी थाळ्या आल्या आहेत, आणि दुसऱ्या दिवशी ग्रामसफाईत गोळा करायचा कचरा त्यांनीच वाढवला आहे.

मोहाचे झाड

या सबंध उत्सवात दारू नसते, हे वाक्य दुसऱ्या एखाद्या जिल्ह्यात सांगण्याचीही गरज पडली नसती. इथे पडते, कारण हा मोहाचा मुलूख आहे. गडचिरोली जिल्ह्याचे सुमारे पाऊण क्षेत्र जंगल आहे. चंद्रपूरच्याही पूर्व आणि दक्षिण भागात जंगल दाट आहे. या जंगलात, बांधीच्या धुऱ्यावर आणि घरामागे मोह उभा असतो. मार्च-एप्रिलात पानगळ झालेल्या झाडावरून मांसल, पिवळसर, गोड फुले पहाटेपासून गळू लागतात. ऊन चढण्याआधी ती वेचावी लागतात. वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात आणि त्यातून वणवे लागतात. वाकून वेचणाऱ्या माणसावर वाघाने झडप घातल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात याच दोन जिल्ह्यांतून येतात. वेचलेली फुले अंगणात वाळवतात. ती सुकून तपकिरी, मनुक्यासारखी होतात आणि नीट ठेवली तर वर्षभर टिकतात. गरजू घर ती लगेच व्यापाऱ्याला विकते. ज्याला थांबणे परवडते तो ढोलीत भरून ठेवतो आणि पावसाळ्यात भाव चढल्यावर काढतो.

मोह म्हणजे आधी अन्न. फुले भाजून, शिजवून, भाकरीत घालून खातात, गुरांना देतात, बियांचे तेल काढतात. दारू हा त्याचा एक उपयोग, पण गाजलेला. सुकी फुले पाण्यात भिजवून काही दिवस आंबवली की सडवा तयार होतो. तो मडक्यात उकळून वाफ थंड केली की थेंब थेंब दारू उतरते. द्राक्षाची वाइन नुसत्या आंबण्याने होते, मोहाला चूल लागते. म्हणूनच ती लपवणे कठीण. जंगलात नाल्याकाठी धूर दिसला की पोलिसांना आणि गावातल्या बायांना एकाच वेळी कळते.

युरोपात नेमक्या पुण्यतिथीच्याच, सुगीनंतरच्या ऋतूत दारूशी जोडलेला एक संतदिन येतो. ११ नोव्हेंबर हा तूरच्या संत मार्टिनचा दिवस. भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून देणारा हा चौथ्या शतकातला सैनिक पुढे बिशप झाला. ऑस्ट्रियात, चेक देशाच्या मोराविया प्रांतात, स्लोव्हेनियात त्या दिवशी वर्षाची नवी वाइन पहिल्यांदा चाखतात, बदकाच्या जातीचा हंस भाजतात, मुले कंदील घेऊन निघतात. पीक घरात आलेले, गड्यांचे हिशेब चुकते झालेले, पुढे हिवाळा. मुहूर्ताचे तर्कशास्त्र झाडीपट्टीसारखेच आहे. तिथे संताच्या नावाने पिंप उघडते आणि इथे संताच्या नावाने भट्टी विझवतात. सुगीनंतर हातात चार पैसे असतात आणि काम नसते; दारू सर्वाधिक खपते ती याच दिवसांत. गुरुदेव सेवा मंडळाने नेमके हेच दिवस धरले आहेत. ठरवून असो वा धानाच्या सोयीने, परिणाम तोच.

दोन उपासना

गोंड आणि माडिया समाजात मोहाच्या दारूची जागा वेगळी आहे. पेनाला, म्हणजे देवाला, आणि पूर्वजांना धार दिल्याशिवाय जन्म, लग्न, मरण यांतले विधी पुरे होत नाहीत. नवे धान, नवे फळ खाण्याआधी होणाऱ्या पंडुमातही तिचा मान असतो. त्या धारेला व्यसन म्हणणे हे अज्ञान आहे, आणि सुधारकांनी ते पुष्कळदा दाखवले आहे. दुसऱ्या बाजूने, धारेच्या नावावर रोजची हातभट्टी चालवणारेही आहेत. त्यांच्या सडव्यात मोहाबरोबर गूळ आणि नवसागर पडतो, आणि त्याचा पेनाशी काही संबंध नसतो.

गुरुदेव सेवा मंडळाचे जाळे जिल्ह्यांच्या उत्तर-पश्चिमेकडच्या, मराठी बोलणाऱ्या शेतकरी गावांत दाट आहे आणि भामरागड, एटापल्ली, सिरोंचाकडे जाताना विरळ होत जाते. मधल्या पट्ट्यात, धानोरा-कुरखेडा-चामोर्शी भागात, एकाच गावात गुरुदेवाची प्रार्थना आणि पेनाची पूजा दोन्ही चालतात. कित्येकदा एकाच घरात. तिथला तोडगा कुठल्या ग्रंथात सापडत नाही. पुण्यतिथीच्या दिवसांत गावात कुणी पिऊन यायचे नाही, मांडवात तर नाहीच. पेनाची पूजा तिच्या वेळी, तिच्या जागी, तिच्या नेमाने. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला दारूबंदीचा किंवा दारूवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार दिला. त्यामुळे किती, कधी आणि कशासाठी हे गावाने बसून ठरवणे आता कायद्यातही बसते. सरसकट बंदीपेक्षा हा मार्ग किचकट आहे, पण तो टिकण्याची शक्यता अधिक, कारण मोडणाऱ्याला ठराव करणारे रोज भेटतात.

कायदा आला, कायदा गेला

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चांद्यातून वेगळा झाला. पुढे डॉ. अभय बंग आणि इतर कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने, गावोगावच्या ठरावांच्या जोरावर दारूमुक्तीचे आंदोलन उभे राहिले आणि १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. ती आजही आहे. चंद्रपुरात पारोमिता गोस्वामी आणि श्रमिक एल्गार संघटनेच्या पुढाकाराने महिलांनी २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या विधिमंडळ अधिवेशनावर पायी मोर्चा नेला. बंदी आली ती १ एप्रिल २०१५ पासून. सहा वर्षांनी, मे २०२१ मध्ये, मंत्रिमंडळाने ती उठवली. अवैध विक्री आणि गुन्हे वाढले, महसूल बुडाला, ही कारणे देण्यात आली. त्याच वर्षी राज्य सरकारने मोहफुलांचा साठा आणि वाहतूक यांवरचे जुने निर्बंधही सैल केले, म्हणजे वेचणाऱ्या आदिवासीला आपलाच माल घरात ठेवताना गुन्हेगारासारखे वागावे लागू नये.

वैनगंगेच्या एका काठाला बंदी आणि दुसऱ्या काठाला परवाने, अशी स्थिती त्यामुळे आली. नदी ओलांडायला पूल आहेत आणि दुचाकीच्या डिकीत बाटल्या मावतात. गावातले दुकान बंद करायचे तर महिलांना मतदान मागता येते. उभी बाटली की आडवी बाटली, हा त्या मतपत्रिकेवरचा प्रश्न राज्यभर ठाऊक आहे. पण मतदान परवान्याच्या दुकानाविरुद्ध होते, हातभट्टीविरुद्ध नाही. हातभट्टीला गावच लागते.

पुण्यतिथीचा उपयोग इथे दिसतो, आणि त्यात मोठेपणाचा आव नाही. बंदी चालू असताना, उठल्यावर आणि परत मागणी होत असताना उत्सवाचा साचा तोच राहिला. मेळाव्यात बाया उघड बोलतात, कारण तो कार्यक्रमपत्रिकेतला भाग असतो. तक्रार करायला वेगळे धाडस लागत नाही. भजनी मंडळात बसायचे तर पिऊन चालत नाही, हा अलिखित नियम विशी-पंचविशीतल्या पोरांना ठाणेदारापेक्षा जास्त अडवतो. उत्सव संपल्यावर पिणारे पुन्हा पितात, हेही खरे. तीन दिवसांच्या कोरड्या रात्रींनी कुणाचे व्यसन सुटत नाही. व्यसनमुक्तीला औषधे आणि उपचार लागतात. दारूवाचून सुगी साजरी होऊ शकते एवढे मात्र सगळ्या गावाने एकत्र पाहिलेले असते.

मोझरीची वाट

ज्यांना जमते ते नेमक्या तिथीला मोझरीला जातात. चंद्रपूर-गडचिरोलीकडून एसटी, जीप आणि ट्रॅव्हल्सने; काही दिंड्या पायी. नागपूर-अमरावती महामार्गाच्या कडेने मुक्काम पडतात आणि आठवडाभर आश्रमाच्या परिसरात राहुट्या, भजने, चुली असतात. मुख्य कार्यक्रम मौन श्रद्धांजलीचा. महाराजांनी देह ठेवला ती वेळ दुपारची ४ वाजून ५८ मिनिटे. वेगवेगळ्या धर्मांच्या प्रार्थना होतात आणि त्या मिनिटाला जमलेले लाखो लोक स्तब्ध राहतात. महामार्गावरची वाहनेही थांबतात. गावात राहिलेली मंडळी त्याच वेळी आपल्या प्रार्थना मंदिरात किंवा समाजमंदिरात जमतात. कापणीवर असलेला माणूस विळा खाली ठेवून बांधीतच उभा राहतो.

मोझरीहून परतलेली माणसे सोबत टोप्या, खंजिऱ्या, ग्रामगीतेच्या प्रती आणि पुढच्या महोत्सवासाठी कीर्तनकारांच्या तारखा घेऊन येतात. तारीख मिळाली की गावात बैठक बसते. वर्गणीचा दर, मांडव, लाकडे, पाण्याचा टँकर आणि पंगतीचे वाढपी ठरतात. काल्यानंतर दोन-चार दिवसांनी तीच मंडळी पुन्हा जमतात आणि जमाखर्च वाचून दाखवतात. कुणी किती पायल्या धान दिले हे नावानिशी वाचले जाते. शिल्लक पडली तर भांडी घेतात किंवा प्रार्थना मंदिराच्या छताला लावतात. तूट आली तर ती कुणी भरायची यावर थोडा वाद होतो, आणि वही बंद होते.